२५४ जणींचे ऋण

९८, ६४ आणि ९२. पहिला आकडा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, दुसरा तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला आणि तिसरा तामिळनाडूतील दिंडिगुलचा. बेरीज होते २५४. या २५४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. हा रोग आपल्याकडे नवा नाही आणि त्याने होणारे मृत्यूही नवे नाहीत. मग याच २५४ जणींची नोंद स्वतंत्रपणे का घ्यायची? कारण त्यांची नोंद आधीच घेतली गेलेली होती. त्यांची नावे यादीत होती, गावे नकाशावर होती, त्यांच्या आरोग्याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले जात होते. फक्त त्यांची तपासणी करायची नाही, असे ठरलेले होते.

वैद्यकीय संशोधनाच्या परिभाषेत याला ‘नियंत्रण गट’ म्हणतात. एखादी चाचणी वा उपचार उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी माणसांचे दोन गट करतात. एकाला ती चाचणी मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. काही वर्षांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजतात. या तीन अभ्यासांत मिळून २,२४,९२९ स्त्रिया तपासणीच्या गटांत होत्या आणि १,३८,६२४ स्त्रिया तपासणीविना. पत्ते पाहिले तर एकजात सगळ्या झोपडपट्टीतल्या किंवा खेड्यातल्या. मलबार हिलवरच्या स्त्रियांची अशी विभागणी करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही.

सावेडीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फार लांबचे वाटण्याचा संभव आहे. गुलमोहर रस्त्यावरून पाइपलाइन रस्त्याकडे जाताना डॉक्टरांच्या पाट्या वाचत गेले, तर वैद्यकीय सेवेची या देशात काही उणीव आहे यावर विश्वास बसू नये. पण हा प्रदेश आपल्या शेजारचा आहे. आपल्या जिल्ह्यातील जामखेड तालुका ओलांडून, खर्ड्याच्या पुढे गेले की भूम तालुका लागतो आणि तिथून धाराशिव जिल्हा सुरू होतो. त्या जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ समूह केले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार भाग पडले. एका भागाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी करायची तपासणी आणि चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांना ‘नेहमीची सेवा’. ही नेहमीची सेवा म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारावे.

निकाल २००९ साली अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने तो उचलून धरला. विषाणूची चाचणी एकदाच, होय, आयुष्यात एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या कमीच असलेल्या गटात ६४. जवळजवळ निम्मे. तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना कर्करोग निघाला आणि त्यांतील ८२ जणींचा तो पुढच्या अवस्थेत पोहोचल्यावर कळला. आज जागतिक आरोग्य संघटना विषाणू चाचणीला प्राधान्य द्या असे सांगते, त्यामागच्या पुराव्यांत धाराशिवच्या या खेड्यांचा वाटा मोठा आहे. पॅप चाचणी आणि व्हिनेगर तपासणी यांचा एका फेरीत मृत्यूंवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

मुंबईचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालयाचा. १९९८ साली सुरू झालेला. तिथे व्हिनेगर तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली गेली. पद्धत इतकी साधी की ऐकणाऱ्याला खोटे वाटावे. व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसेटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावायचे, मिनिटभर थांबायचे. दोष असलेला भाग पांढरा पडतो. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, वीज गेली तर विजेरी पुरते. हे काम दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या महिलांनी केले. तपासणी झालेल्या ७५,३६० स्त्रियांत ६७ मृत्यू झाले, न झालेल्या ७६,१७८ स्त्रियांत ९८. मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हा निकाल अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या अधिवेशनात मुख्य व्यासपीठावरून मांडला. देशभर ही तपासणी झाली तर वर्षाला सुमारे २२,००० भारतीय स्त्रियांचे प्राण वाचतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

आता वादाचा भाग. मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, धाराशिवच्या अभ्यासामागे गेट्स प्रतिष्ठान आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. व्हिएतनाममध्ये पॅप चाचणीचे काम उभे करणारे अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनीच या अभ्यासांविरुद्ध तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे, की तपासणीने प्राण वाचतात हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशके ठाऊक असताना सव्वा लाखाहून अधिक गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजण्याचे कारण काय? २०१४ च्या सुमारास आपल्या वृत्तपत्रांतही चार दिवस हा विषय गाजला. ‘अमेरिकी पैशाने भारतीय स्त्रियांचे बळी’ असे मथळे झळकले. पाचव्या दिवशी सगळे शांत.

मथळ्यांवर समाधान मानणाऱ्यांत राष्ट्रवादी म्हणवणारी आपली मंडळीही होती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परकीय पैसा म्हटला की आपले रक्त तापते; तापलेच पाहिजे. परंतु या प्रकरणातील संशोधक कोण होते? आपलेच. रुग्णालये कुणाची? आपलीच. परवानगी देणाऱ्या नीतिसमित्या कुठल्या? इथल्याच. आणि संशोधकांनी बचावात जे सांगितले, ते मोठे बोचरे आहे. ते म्हणाले, भारतात ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नसणे हीच आहे. आम्ही या स्त्रियांकडून काहीही काढून घेतले नाही.

हा युक्तिवाद पचायला जड आहे, पण तो खोटा नाही. बाहेरच्या कुणी येऊन आपल्याकडे शून्य निर्माण केले नव्हते. ते शून्य आपण स्वतः, स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांत, मोठ्या निष्ठेने जपले होते. त्यांनी येऊन फक्त त्याला मापदंड म्हटले. ज्या घरात पोराला दूध मिळतच नाही, त्या घरात दूध न देण्याचा प्रयोग निर्धोकपणे करता येतो. लाज प्रयोग करणाऱ्याला वाटायला हवीच. घराच्या कर्त्याला त्याहून अधिक.

म्हणून खरा प्रश्न निकालानंतरचा आहे. अशा अभ्यासाचे नैतिक समर्थन एकाच गोष्टीवर उभे राहू शकते. मिळालेले ज्ञान, ज्यांच्या जिवावर मिळाले त्या समाजाला परत मिळाले पाहिजे. उत्तर हाती आल्यावरही शून्य तसेच राहिले, तर मग ‘नेहमीची सेवा’ हा बचाव उरत नाही. जे अज्ञानामुळे चालले होते, ते आता जाणूनबुजून चालते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियमावली काढली, की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी व्हावी. कागद उत्तम आहे. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात कधीतरी करून घेतली होती? देशात १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० सालासाठी ठेवलेले लक्ष्य ७० टक्क्यांचे आहे.

या १.९ टक्क्याला पक्ष नाही. प्रयोग सुरू झाले तेव्हा, निकाल लागले तेव्हा आणि ही पाहणी झाली तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत वेगवेगळी सरकारे होती. आपल्या विचारांची सरकारेही त्यांत होती, आणि त्यांना हाच प्रश्न अधिक कठोरपणे विचारण्याचा अधिकार आपला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये या रोगावरची स्वदेशी लस आणली, याचा अभिमान आहेच. पण लस मुलींसाठी. त्यांच्या आईचे, मावशीचे, घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईचे वय लसीच्या पुढे गेले आहे. त्यांना तपासणीच हवी.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे उदाहरण इथे आठवते, कारण धाराशिवचा अभ्यास त्याच रुग्णालयाने उभा केला. १९८७ मध्ये तिथे देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, माणसे जमवीत, कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये ते सांगत. एवढ्या बोलण्यानेच काही वर्षांत रुग्ण लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, असे त्यांच्याच नोंदींत दिसले. चिठ्ठ्या टाकण्याच्या, गट पाडण्याच्या कितीतरी आधी. हे काम कार्यकर्त्याचे होते, आणि कार्यकर्ता ही आपल्याकडची दुर्मिळ वस्तू नव्हे.

दुसरे प्रकरण पक्षाघाताचे. ते थोडक्यात सांगतो, पण ते आपल्या अधिक जिव्हारी लागणारे आहे. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला पुन्हा उभे करायचे तर महिनोन्‌महिने व्यायाम हवा, शिकवणारा तज्ज्ञ हवा. तज्ज्ञ थोडे आणि महाग. मग विचार पुढे आला, की भारतात तर घरोघरी कुटुंब आहे! रुग्णाच्या मुलाला, सुनेला, पत्नीलाच व्यायाम शिकवले तर? ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन निधीतून १४ भारतीय रुग्णालयांत हा अभ्यास झाला. २०१४ ते २०१६ या काळात १,२५० रुग्ण त्यात आले आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. सहा महिन्यांनंतर कुटुंबाला प्रशिक्षण दिलेल्या गटात ४७ टक्के रुग्ण मरण पावलेले वा परावलंबी होते. प्रशिक्षण न दिलेल्या गटात? तेही ४७ टक्केच.

कुटुंबव्यवस्था ही आपल्या समाजाची शक्ती आहे, हे या पानांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे आणि त्यात शब्दाचाही फरक करण्याचे कारण नाही. पण सासऱ्याला कुशीवर वळवणारी सून म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. तिची माया त्याला जेवू घालते, अंग पुसते, रात्री उठून पाणी देते. ताठलेला खांदा मोकळा करण्याचे शास्त्र तिला थोड्याशा शिकवणुकीने येत नाही, असे हा अभ्यास सांगतो. ‘आमच्याकडे कुटुंब आहे’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. शासन तेच वाक्य खर्च वाचवण्यासाठी ऐकते. आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कवच रुग्णालयातील मुक्कामाभोवती बांधलेले आहे, घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरलेले आहेत. सोळाव्या दिवशी तो हात उचलला जात नसेल तर पुढचा खर्च घराचा. सावेडीतला निवृत्त प्राध्यापक तो करू शकतो. पाथर्डीहून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने काय करायचे?

दोन्ही प्रकरणांतली रीत एकच. स्वस्त पर्याय आपल्या गरिबांवर तपासून पाहिला जातो. यशस्वी ठरला तर त्याची कीर्ती जगभर होते आणि आपल्याकडे १.९ टक्के राहतात. अयशस्वी ठरला तरी तोच पर्याय आपल्याकडे चालू राहतो, कारण दुसरा काही ठेवलेलाच नसतो. मी कलाशाखेचा विद्यार्थी, संख्याशास्त्रातले मला फारसे कळत नाही. पण हा हिशेब कळायला संख्याशास्त्र लागत नाही.

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना आहे, आणि ऋण फेडायचे असते, त्याच्यावर परिसंवाद भरवायचे नसतात. संक्रांतीला सावेडीच्या प्रत्येक वसाहतीत हळदीकुंकू होते. त्या दिवशी आपल्या घरातील आणि शेजारच्या सेवावस्तीतील तिशीपुढच्या बहिणींची यादी करावी, आणि वाणाऐवजी त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला नेण्याचा दिवस ठरवावा. संकोच होईल. पन्नास जणी एकत्र गेल्या तर कमी होईल. तिथे तपासणी होत नाही असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागावे.

आणि जामखेड, पाथर्डी, शेवगाव, कर्जत इथल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राला एवढेच विचारावे : आपल्या गावात ३० ते ६५ वयाच्या स्त्रिया किती, आणि गेल्या पाच वर्षांत त्यांतील कितीजणींची तपासणी झाली? उत्तराचा आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा.