साईखालची रम

दिवाळी अंकात अनारशांची कृती द्यावी, रमची देऊ नये, असे म्हणणारी मंडळी आहेत. त्यांच्या घरी रम येत नसेल तर आनंदच आहे. परंतु ज्या घरांतून ती येते, तेथे ती कोणत्या वेषाने येते, एवढाच माझा प्रश्न आहे. चार पाहुणे जमले की दिवाणखान्यातून आत हाक जाते, "अगं, जरा कॉफी टाक." आतल्या बाईला काय ते कळते. मुलांना तर तिच्याही आधी कळते. तरीही सारे घर "कॉफी, कॉफी" म्हणत राहते!

हे ढोंग केवळ आपलेच आहे, असेही नाही. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर नोर्डस्ट्रांड नावाचे, एके काळी बेट असलेले ठिकाण आहे. तेथे गोष्ट सांगतात ती अशी : १८७२ साली एका शेतकऱ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा, म्हणजे आपल्या भाषेत बारसेच, चालले होते. पाद्रीबोवा मद्याचे कट्टर वैरी. त्यांच्यादेखत प्यावे कसे? म्हणून गरम कॉफीत रम आणि साखर घालून वर घुसळलेल्या साईचा जाड थर दिला, की वास वर येऊ नये. बोवांच्या पेल्यात तेवढी निव्वळ कॉफी! शेवटी बिंग फुटलेच. बोवा ओरडले, "अरे परूशांनो!" बायबलातले परूशी म्हणजे ढोंगी माणसाचा नमुना. पण त्या लोकांचा प्रामाणिकपणा पाहा. खाल्लेली शिवीच त्यांनी पेयाला नाव म्हणून दिली. ते 'फारिझेअर' तेथे आजही उघड नावाने मिळते. फ्लेन्सबुर्गच्या न्यायालयाने तर १९८१ साली, २० मिलिलिटर रम चांगल्या फारिझेअरला पुरत नाही, असा निवाडा दिला. तेथे माप न्यायालयापर्यंत गेले. आमच्याकडे ते यजमानाच्या मनगटात असते.

माझी कृती सोपी आहे. फिल्टरची दाट कॉफी १०० मिलिलिटर, गरम पण उकळती नव्हे, चमचाभर साखर, आणि रम ३० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलिलिटरचे माप येते, ते तीनदा भरावे. बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. गणित मास्तराने करून ठेवले आहे : एका पेल्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क. तो निकालात काढायला यकृताला तासभर तरी लागतो.

आता कोणी सुशिक्षित गृहस्थ सांगतील, "अहो, कॉफी आहे ना आत! चढत नाही." यासारखी दुसरी थाप नाही. कॉफी झोप उडवते. रक्तातला मद्यार्क ती तिळभरही कमी करीत नाही. नुसती रम प्यालेला एरवी डोळे जड होऊन कोपऱ्यात तरी बसला असता. हा टवटवीत होऊन तिसरा पेला मागतो आणि रात्री बाराला बायकोला मागे बसवून स्कूटर काढतो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि तपासणीच्या यंत्राला कॉफी दिसत नाही. कॅफीन घातलेले मद्य विकणाऱ्या चार कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली ताकीद दिली, ती उगाच नव्हे.

आणि ज्या पाहुण्याला न सांगता ते पाजले जाते, त्याचे काय? तो औषधे घेत असेल, त्याचे व्रत असेल, किंवा त्याला नको असेल. नको असणे हेही कारण पुरेसे आहे. ही गंमत नव्हे, विश्वासघात आहे.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आजही परवाना लागतो, आणि रमसाठी वयाची २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. हे ज्यांचे झाले असेल त्यांनी खुशाल करावे. मात्र दोन तबके ठेवावीत, कोणत्या तबकात काय आहे ते मुलांसमोर मोठ्याने सांगावे, गाडी चालवणाऱ्यापुढे दुसरेच तबक धरावे, आणि रमच्या पेल्यावर साय घालू नये. वास येऊ द्यावा.