पाटे वाढवले, ब्रेकचं काय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. पिकअपवाल्यांशी, त्यांच्या मिस्त्रींशी आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या 'जुगाड' नावाच्या दैवताशी. (नात्यातल्या ज्यांच्या दारात बोलेरो पिकअप नाहीतर छोटा हाथी उभा आहे त्यांनी राग मानू नये. मानायचाच असेल तर पूर्ण वाचून मानावा!)

सदरला मंगळवारी बाजाराकडे माल घेऊन येणाऱ्या गाड्या बघा, नाहीतर छावणीवरून काटोल रोडला लागा. हौद्याच्या वरपर्यंत क्रेट, आणि गाडी मागून इंचभरही दबलेली नाही. विचारलं तर मालक कौतुकाने सांगणार, "दोन पाटे जास्तीचे टाकले नं भाऊ, आता अडीच टन भरा, काही होत नाही!"

होतं हो. फक्त दिसत नाही. १.७ टनाच्या पिकअपला पाटे वाढवले म्हणून ती अडीच टनाची होत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, बेअरिंग तेच, चासी तीच. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. मालाने गाडी किती दबली यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे तो ठरवतो. पाटे कडक केले की गाडी दबतच नाही, आणि व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामी! म्हणजे माल दीडपट आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. आता उड्डाणपुलाच्या उतारावर समोर कोणी स्कूटीवाली मुलगी आली तर?

तीच गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिन तापलं की मिस्त्रीचा पहिला सल्ला, "काढून फेका तो व्हॉल्व्ह." अरे बाबांनो, इंजिन साधारण ८० अंशांच्या वर गेलं की तो आपणहून उघडतो. चांगला असेल तर मे महिन्यात तो उघडाच असतो, काढून मिळतं काय? अडकला असेल तर नवा टाका. काढून टाकला तर डिसेंबरच्या थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. आणि गाडी तापायचं खरं कारण, चोंदलेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप, जिथल्या तिथेच!

शिवाय त्यात ओतायचं काय, तर बोअरचं पाणी. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घातले तर सुमारे १०६-१०७ ला. झाकणाच्या दाबामुळे ही मर्यादा आणखी वर जाते, म्हणून ढिलं झाकणही बदलायचं असतं. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात ही चैन नाही हो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ नि कापसाची रुई बाहेरून हलक्या धारेने धुवा. टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना बघा. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून काढू नका.

आता नेहमीचा प्रश्न. "जास्त भरल्याशिवाय भाडं परवडत नाही, हप्ता कुठून भरू?" हे दुःख खरं आहे, नाकारत नाही. पण मग भांडण व्यापाऱ्याशी करा, गाडीशी नको. दोन खेपांचा माल एका खेपेत कोंबून वाचलेलं भाडं त्याच्या खिशात जातं. टायर, क्लच आणि जीव तुमचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तो फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. पण माल भरून घेणाऱ्याला पावती फाडल्याचं कोणी पाहिलंय का?

गाडी दबते, तापते, आवाज करते, तेव्हा ती काहीतरी सांगत असते. ते ऐकून कारण शोधायचं सोडून तिचं तोंड बंद करणाऱ्याला आपण 'हुशार मिस्त्री' म्हणतो. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "किती लागतील?" याच्या आधी "असं कशामुळे झालं?" एवढं विचारा. उत्तर न देता जो पाना उचलेल, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर खाली जागा आहेच!