वर्तमान आणि अर्थ : आगगाडीचें फळ कोणाच्या पदरांत ?

वसई-विरारकडे राहणाऱ्या गृहस्थाच्या हातीं वर्तमानपत्र आलें, कीं कोणती तरी नवी वस्तु 'येणार' असल्याची बातमी त्यास वारंवार वाचावयास मिळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन येणार व तिचें एक स्थानक विरारास होणार. डहाणूजवळ वाढवण येथें ७६,२२० कोटी रुपये खर्चाचें बंदर होणार. विरारपासून अलिबागपर्यंत रुंद महामार्ग होणार. पुढारी या बातम्या सभेंत सांगतात, स्थापत्यविशारद त्यांचे नकाशे काढतात, आणि जागेचे दलाल त्यांच्या जाहिराती करतात. घरोघर मात्र त्यांवर दोनच प्रकारची चर्चा ऐकूं येते. कोणी म्हणतो, "आपल्या भागाचा उत्कर्ष झाला", कोणी म्हणतो, "आपला गांव बुडाला." दोघांच्याही बोलण्यांत कांहीं तथ्य असेल, परंतु अर्थशास्त्राचा विचार करणारा मनुष्य त्याच्या आधीं एक साधा प्रश्न विचारील. या सुधारणेचा लाभ अखेरीस कोणाच्या पदरांत पडणार ? आज या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आपल्या भागास हा प्रश्न नवा नाहीं. विरारहून मुंबईस जाणारी गाडी १८६७ सालीं सुरू झाली. १९३६ सालीं विजेच्या गाड्या विरारपर्यंत धांवूं लागल्या, आणि २००७ सालीं विरारपर्यंतचा चौपदरी लोहमार्ग पुरा झाला. प्रत्येक वेळीं मैलांचें अंतर होतें तेंच राहिलें, पण मुंबई वसईच्या जवळ आली. माणसें आलीं, घरें उठलीं. २००९ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती बारा लाखांवर गेली. तेव्हां या गाड्यांनीं वांचविलेल्या वेळेचें मोल कोणास मिळालें, हें हिशेबानें पाहूं.

पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल समजावे. नव्या गाडीमुळें एका नोकरदाराचा रोज एक तास वांचला. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर २५ तास झाले. तासाचें मोल १०० रुपये धरलें, तर महिना २,५०० रुपयांचा लाभ झाला. आतां स्थानकाजवळ बिऱ्हाड करूं इच्छिणारे असे दहा जण आहेत आणि जागा दोनच आहेत. घरमालक भाडें चढवूं लागतो. तें कोठवर चढेल ? वाढ २,५०० रुपयांच्या आंत आहे तोंवर प्रत्येक जण मनाशीं म्हणतो, 'अजून परवडतें.' म्हणून भाडें त्या आंकड्याच्या जवळपास जाऊन ठेपतें. नोकरदाराचा तास वांचला हें खरें. परंतु त्या तासाचे बहुतेक पैसे त्यानें घरमालकास मोजून दिले. तो घर विकत घेईल, तर हेच पैसे कर्जाच्या हप्त्यांत भरील.

या गोष्टीची उपपत्ति डेव्हिड रिकार्डो या इंग्रज पंडितानें १८१७ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. धान्य महाग होतें तें खंड भारी असतो म्हणून नव्हे. धान्य महाग होतें म्हणून खंड भारी होतो, असा त्याचा सिद्धांत आहे. हलक्या जमिनीच्या मानानें चांगल्या जमिनींत जें अधिक उत्पन्न होतें, तें मालकास स्वतःच्या श्रमांवांचून खंडाच्या रूपानें मिळतें. रिकार्डोच्या काळीं 'चांगली' म्हणजे सुपीक. आज 'चांगली' म्हणजे स्थानकाजवळची. आणि जमीन कांहीं कापडाप्रमाणें गिरणींत अधिक काढतां येत नाहीं. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, एवढ्यांतच वसईला भागवावयाचें आहे.

यावर कोणी म्हणेल, जमीन ज्याची लाभ त्याचा. यांत वावगें तें काय? परंतु भाव वाढला कशानें, हें पाहिलें पाहिजे. मालकानें विहीर खणली, कलमें लावलीं, घर बांधलें, त्यामुळें जें मोल वाढलें तें निःसंशय त्याचेंच आहे. लोहमार्ग मात्र त्यानें टाकला नाहीं. तो सर्वांच्या पैशानें झाला. बुलेट ट्रेनचा अंदाजी खर्च प्रारंभीं १ लक्ष ८ हजार कोटी रुपये धरलेला होता, व त्यांतील ८१ टक्के रक्कम जपानकडून ५० वर्षांच्या मुदतीनें, वर्षास ०·१ टक्का व्याजानें, कर्जाऊ घेण्याचें ठरलें. व्याज नाममात्र आहे. पण मुद्दल येनच्या हिशेबानें फेडावयाचें आहे, आणि त्याचा भार ज्यांच्या नांवावर हातभर जमीन नाहीं त्यांच्यावरही पडावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांस हा भेद ठाऊक होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचे नियम दिले आहेत. जमीन विकावयाची ती प्रथम ज्ञातींनीं, मग शेजाऱ्यांनीं, मग धनकोंनीं घ्यावी. आणि बोलणाऱ्यांच्या स्पर्धेनें किंमत वाढली, तर ती वाढ शुल्कासह राजकोशांत जमा व्हावी, असें तेथें सांगितलें आहे. आधुनिक कायद्यासही हें तत्त्व परकें नाहीं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यांत तें होतें. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमांतही, नगररचना योजनेनें जमिनीचें मूल्य वाढल्यास त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. म्हणून नव्या मार्गाची घोषणा ऐकली, कीं नागरिकानें पुढाऱ्यास विचारावें : जमिनीच्या वाढीव मोलांतून गटारें, पाणी व शाळा यांसाठीं किती परत येणार ?

गटारांचा उल्लेख सहज केलेला नाहीं. सखल जमीन, मिठागरें व खाजणें हीं पावसाचें पाणी पोटांत घेतात. केळींच्या व पानवेलींच्या वाड्याही तें जिरवितात, आणि शेजारच्या विहिरी गोड राखतात. या उपकाराबद्दल वाडीवाल्यास कोणी दमडी देत नाहीं. वाडीचें वर्षाचें उत्पन्न एकीकडे आणि विक्रीच्या रकमेचें व्याज दुसरीकडे, असा हिशेब तो करतो. व व्याज भारी भरलें म्हणून त्यानें वाडी विकली, तर त्यास मूर्ख किंवा लोभी म्हणतां येणार नाहीं. परंतु भराव पडल्यावर तेथलें पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यांत शिरतें. जुलै २०१८ च्या पावसांत नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढलें, गाड्या अडकल्या, आणि उतारूंस सोडवून आणावें लागलें. लाभ एकाचा आणि नुकसान भलत्याचेंच, असा व्यवहार बाजारावर सोडून नीट होत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं 'हरित वसई'ची चळवळ झाली, तिच्यामागें झाडांच्या मायेबरोबर हा रोकडा हिशेबही होता, हें लक्षांत घ्यावें.

आतां घरच्या व्यवहाराची एक गोष्ट. जमिनीचा भाव गाडी आल्यावर वाढत नाहीं. गाडी येणार, या वार्तेनेंच तो वाढतो. वार्ता वाचून जागा घेणारा मनुष्य गाडीचें मोल आगाऊ देऊन चुकलेला असतो. मग गाडीस उशीर झाला तर ? बुलेट ट्रेनची कोनशिला सप्टेंबर २०१७ मध्यें बसली, आणि २०२३ पर्यंत ती धांवेल असें तेव्हां सांगत. ती धांवली नाहीं. द.सा.द.शे. ८ प्रमाणें चक्रवाढीनें रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे २०१७ सालीं केवळ आशेवर घेतलेल्या जागेचा भाव २०२६ सालीं दुप्पट झाला, तरी घेणाऱ्यास व्याजाहून अधिक कांहीं मिळालें नाहीं. उलट मुद्रांकशुल्क व दलाली अंगावर आली. जाहिरातींत हा हिशेब आढळणार नाहीं. तो घरींच करावा लागतो.

एकत्र कुटुंबांत तर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच पंक्तीस बसलेल्या असतात. आजोबांच्या नांवच्या वाडीचा भाव वाढला म्हणून घरांत समाधान असतें. आणि त्याच वाढीमुळें नव्यानें संसार मांडणाऱ्या नातवास दोन खोल्यांसाठीं वीस वर्षांचें कर्ज काढावें लागतें. सातबारा एकाच्या नांवावर, हप्ता दुसऱ्याच्या. म्हणून भाव चढल्याची वार्ता आली, कीं घराची मालमत्ता किती वाढली एवढेंच पाहूं नये. घरांत विकणारे किती व घेणारे किती, हेंही मोजावें. वाडी विकावयाची असेल, तर वडील मंडळींनीं मुलांसुनांसह बसून हा हिशेब कागदावर मांडावा. विक्रीच्या रकमेंतून नातवंडांस त्याच गांवांत घर मिळेल काय, आणि न मिळाल्यास वाडी राखून तिच्या एका कोपऱ्यांत कायदेशीर परवानगीनें चार खोल्या बांधणें अधिक किफायतीचें होईल काय, हे दोन प्रश्न दलाल दारीं येण्यापूर्वींच घरांत सुटलेले असावे.

गाडी यावी, बंदर व्हावें कीं न व्हावें, यावर मतभेद राहणारच. परंतु पैसा कोण देतो, फळ कोणास मिळतें आणि नुकसान कोणाच्या वांट्यास येतें, हीं तीन खातीं वेगळीं मांडल्यावांचून दिलेलें मत हें मत नव्हे, केवळ आवड किंवा नावड होय. पुढील खेपेस वर्तमानपत्रांत अशी वार्ता येईल, तेव्हां वाचकांनीं हीं तीन खातीं मांडून पाहावीं, एवढीच आमची विनंति आहे.