एक नाव, पाच वस्तू

डेटा मॉडेल म्हणजे एक लेखी निर्णय. कोणत्या वस्तू वेगळ्या मानायच्या, त्यांच्याबद्दल काय नोंदवायचे आणि त्यांचे एकमेकींशी नाते काय, हे त्यात ठरते. वेबवर हा निर्णय एका अ‍ॅपपुरता राहत नाही. एका कार्यालयाने प्रसिद्ध केलेली माहिती दुसरे कार्यालय उचलते, सर्च इंजिन वाचते, भाषा-मॉडेल त्यावर शिकते. टेबल ज्याने बांधले त्याला जाऊन विचारण्याची सोय यांपैकी कोणालाच नसते. म्हणून डेटाचा अर्थ डेटाबरोबरच पाठवावा लागतो.

त्यासाठी साधनांची वानवा नाही. कर्ता, गुणधर्म आणि मूल्य अशा तीन भागांत विधान मांडणारे आरडीएफ १९९९ साली प्रमाणित झाले. २०११ मध्ये सर्च इंजिनांनी एकत्र येऊन स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दावली सुरू केली. २०१२ मध्ये विकिडेटा आला आणि २०१४ मध्ये हीच विधाने साध्या जेसनमध्ये लिहिण्याची जेसन-एलडी ही पद्धत प्रमाणित झाली. तरीही बहुतेक डेटासेट जोडायला गेले की अडतात. अडचण फॉरमॅटमध्ये क्वचितच असते. नोंद नेमकी कोणत्या वस्तूची, हेच ठरलेले नसते.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हे याचे चांगले उदाहरण आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात या नावाचे गाव आहे. गावालगत मोठा तलाव आहे आणि पाणी अडवणारा बांधही आहे. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये हे उद्यान, नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. बोलताना गाव, तलाव, बांध, उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प या पाचांनाही सर्रास ‘नवेगाव’ म्हटले जाते. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण प्रसंगावरून त्याला कळते.

पर्यटनस्थळांच्या टेबलात मात्र ‘नवेगावबांध’ अशी एकच ओळ पडते. तिच्या ‘स्थापना’ या कॉलमात १९७५ आणि ‘क्षेत्रफळ’ या कॉलमात १३३.८८ चौरस किलोमीटर असते. दोन्ही आकडे उद्यानाचे आहेत. तीच ओळ एखाद्याने विकिडेटावरील तलावाशी ‘सेम-अ‍ॅज’ने जोडली, की तलाव १९७५ साली झाला आणि तो १३३ चौरस किलोमीटरचा आहे, असा निष्कर्ष यंत्र काढते. परंपरेने हा तलाव अठराव्या शतकातील कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. सेम-अ‍ॅजचा अर्थ ‘संबंधित’ असा नाही. एका वस्तूबद्दलचे प्रत्येक विधान दुसरीलाही लागू आहे, अशी ती ग्वाही आहे. उद्यान व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, बांध तलावाचे पाणी अडवतो, गाव तलावाजवळ आहे. ही तीन वेगळी नाती आहेत आणि ती वेगळीच लिहावी लागतात. मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक ही आणखी एक वस्तू. तिचे परिसराशी नाते ‘विषय’ या गुणधर्माने दाखवायचे असते.

याच टेबलात ‘जिल्हा’ हा एकच रकाना असेल, तर व्याघ्र प्रकल्प त्यात मावत नाही. कोका अभयारण्य भंडारा जिल्ह्यात आहे. एकास-एक गृहीत धरलेले नाते प्रत्यक्षात अनेकास-अनेक असल्याचे अशा ठिकाणी उघड होते, आणि तोवर अ‍ॅप वापरात गेलेले असते.

वस्तू ठरली की तिला कायमची ओळख लागते. नाव हे काम करू शकत नाही. गोरेगाव हा गोंदिया जिल्ह्यातील तालुका आहे, मुंबईचे उपनगर आहे आणि रायगड जिल्ह्यातील गावही आहे. मराठीत तिरोडा लिहिला जाणारा तालुका रोमन लिपीत ‘र’ने लिहितात. गोंदिया जिल्ह्याच्या नावाची रोमन अक्षरे जनगणनेत एक आणि इतरत्र वेगळी दिसतात. देवनागरीतही ‘ड़’ हे अक्षर एका युनिकोड संकेताने किंवा ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्याला दोन्ही सारखे, स्ट्रिंग तुलनेत वेगळे. म्हणून मजकूर साठवण्याआधी त्याचे एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणित रूप करावे आणि जोडणी नावावर न करता आयडीवर करावी.

आयडीबाबत एक भेद हमखास निसटतो. तलावाची माहिती देणारे पान आणि तलाव या दोन वस्तू आहेत. पानाचा पत्ता हीच तलावाची आयडी मानली, तर पानाचा लेखक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख तलावाला चिकटते. पत्त्याच्या शेवटी हॅश चिन्ह आणि एक शब्द जोडून तलावाला स्वतंत्र यूआरआय दिला की प्रश्न सुटतो.

काळ हा मॉडेलमधला सर्वांत दुर्लक्षित भाग. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेतील भंडारा आणि २००१ चा भंडारा यांचे नाव एकच असले तरी भूभाग वेगळा आहे. दोन्ही आकडे एका आलेखावर काढले, तर लोकसंख्या कोसळल्यासारखी दिसते. संकेतही बदलतात. २००१ च्या जनगणनेत गोंदियाचा राज्यांतर्गत संकेत ११ होता, २०११ मध्ये देशपातळीवरचा ५०७. लोकसंख्या २००१ मध्ये १२,००,७०७ आणि २०११ मध्ये १३,२२,५०७ होती. ‘लोकसंख्या’ हा एकच कॉलम ठेवला, तर नवा आकडा जुन्याला पुसतो. विकिडेटा प्रत्येक विधानाला कालदर्शक जोड आणि संदर्भ देण्याची मुभा देतो, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी राहतात आणि दोन्ही खरे राहतात.

संदर्भाचे महत्त्व मामा तलावांच्या नोंदी पाहिल्या की पटते. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलावांची संख्या हजारोंच्या घरात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून एकाच तलावाची नोंद अनेक दप्तरांत होते. सातबाऱ्यावर त्याखालची जमीन असते, निस्तारपत्रकात गावकऱ्यांचे वापराचे हक्क, लघुपाटबंधारे विभागाकडे सिंचनक्षमता, मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात पाण्याचा फैलाव. हक्क सोडले तर उरलेल्या तिन्ही ठिकाणी एकक हेक्टर असते, पण मोजलेली गोष्ट वेगळी असते. जमिनीचे क्षेत्र, भिजणारे धानाचे क्षेत्र आणि पाणी पसरलेले क्षेत्र यांची सरासरी काढून ‘क्षेत्रफळ’ भरणे म्हणजे तिन्ही नोंदी बिघडवणे. प्रत्येकाला वेगळा गुणधर्म, एकक, मोजणीचा काळ आणि नोंद करणारे कार्यालय जोडले पाहिजे. नोंद कोणी, कधी, कशावरून केली, हे लिहिण्यासाठी २०१३ पासून प्रोव्ह-ओ ही प्रमाणित शब्दावली आहे.

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशात २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले. त्यांपैकी ९७,०६२ महाराष्ट्रात आहेत. ही गणना गावपातळीवरच्या दप्तरांशी जोडता आली, तर दुरुस्ती, गाळ आणि ठेके यांचे प्रश्न एकत्र पाहता येतील. त्यासाठी तलावाला एक आयडी आणि प्रत्येक नोंदीला वेगळी आयडी लागेल. नोंद ‘या तलावाविषयी’ आहे, एवढेच विधान दोघांना जोडते.

शब्दावली निवडताना तयार प्रकार आधी पाहावेत. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये सरोवर, जलाशय आणि तळे असे तीन प्रकार आहेत. मामा तलाव यांपैकी कशातच पुरता बसत नाही, कारण तो सिंचन, मासेमारी आणि निस्तार या तिन्हींसाठी आहे. अशा वेळी ‘जलाशय’ हा व्यापक प्रकार घ्यावा आणि ‘मामा तलाव’ ही संकल्पना स्कॉस या संकल्पना मांडण्याच्या पद्धतीत व्याख्येसह स्वतंत्र मांडून तिला जोडावी. बाहेरच्या यंत्राला व्यापक अर्थ मिळतो, स्थानिक वापरकर्त्याला नेमका. सगळेच नव्याने घडवले तर डेटा कोणाशी जुळत नाही आणि सगळेच तयार घेतले तर गावाचा हक्क मॉडेलमधून गळतो.

भाषेची खूण प्रत्येक नावाला द्यावी. गोंदिया जिल्ह्यात मराठी, हिंदी आणि पोवारी शेजारी नांदतात. लिपी एकच असल्याने अक्षरांवरून भाषा ओळखता येत नाही. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’ आणि पोवारीसाठी ‘पीडब्ल्यूआर’ हे प्रमाणित संकेत आहेत. खूण नसलेले नाव आवाजी सहायक चुकीच्या उच्चाराने वाचतो आणि शोधात ते चुकीच्या भाषेखाली जाते.

शेवटी तपासणी. मॉडेल कागदावर बरोबर असले तरी भरणारे हात अनेक असतात. २०१७ मध्ये प्रमाणित झालेले शॅकल मॉडेलचे नियम यंत्राकडून तपासून घेते. एककाविना क्षेत्र नाकारा, वर्षाविना लोकसंख्या नाकारा, स्रोताविना विधान नाकारा, हे तीन नियम पहिल्या दिवशी लावले तरी पुढची बरीच साफसफाई वाचते. सोबत मॉडेलने द्यायची उत्तरे आधीच प्रश्नरूपाने लिहून ठेवावीत. ‘२०११ मध्ये तिरोडा तालुक्यात कोणकोणत्या मामा तलावांचा ठेका मच्छीमार संस्थेकडे होता?’ या प्रश्नात वस्तू, काळ, स्थळ आणि नाते चारही आहेत. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर दोष क्वेरीत शोधण्याआधी मॉडेलमध्ये शोधावा.

मराठीतील सार्वजनिक माहिती आता झपाट्याने वेबवर येत आहे आणि तिचे पहिले मॉडेल आज काम करणारे डेव्हलपरच ठरवत आहेत. एकदा लाखो नोंदी एका आयडीखाली गेल्या, की त्या वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी वस्तू कोणती, तिची आयडी काय, विधान केव्हाचे, कोणाचे आणि कोणत्या एककात, एवढे लिहून ठेवणे हा कामाचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. वेळापत्रकात त्याला स्वतंत्र दिवस द्यावेत आणि तो दस्तऐवज डेटासोबतच प्रसिद्ध करावा.