मशीन दिलं, कात्री कुणाकडे?

गेलं वर्षभर शनिवार-रविवार मी रत्नागिरीत एका वयस्क मास्तरांच्या दुकानात कोटाचं कटिंग शिकतो आहे. बाकीचे पाच दिवस लॅपटॉप. नातेवाईक विचारतात, "इंजिनिअर असून दर्जीकाम?" त्या 'असून'बद्दल पुष्कळ बोलता येईल, पण आज मला दुसरंच सांगायचं आहे.

पहिले दोन महिने कापडाला हात लागला नाही. खाकी कागद, पट्टी, पेन्सिल. घरी मी के. आर. झारापकर यांचं 'झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग' आणून ठेवलं होतं. ते चाळून वाटलं, हे तर आपलंच काम. छातीचं माप टाका, बाकी सगळं हिशेबाने निघतं. छाती ३६ असेल तर मुंढ्याची खोली चौथाईने साधारण ९ इंच, मागच्या गळ्याची रुंदी बाराव्या हिश्श्याने ३. स्वतःच्या मापाचा ड्राफ्ट मी एका संध्याकाळी काढला, मांजरपाटात कापला, कच्चे टाके घातले. अंगात चढवला तर कॉलर मानेपासून सुटलेली, मागची किनार वर उचललेली, पुढची लोंबणारी.

मास्तर हसले नाहीत. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "छाती बराबर आहे. पाठ कुठे मोजलीस? तू वाकलेला आहेस, बाबा."

बारा वर्षं स्क्रीनसमोर बसून आलेला पोक. अशा अंगाला कोटाची पाठ उंचीने वाढवावी लागते आणि पुढचा भाग कमी करावा लागतो. पुस्तकातलं सूत्र सरळ उभ्या माणसाचं असतं. ते चूक नाही, ती फक्त सुरुवात असते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे हेही मला वयाच्या पस्तिशीत कळलं. मापाची टेप सर्रास वापरात येण्याआधी युरोपातले दर्जी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी पट्टी ठेवत आणि तिच्यावर खाचा पाडत. आकडे नव्हते, त्या एका माणसाचं अंग होतं. मास्तरांच्या वहीत मला तेच दिसतं. मापांशेजारी 'पोक', 'पोट पुढे', 'डावा खांदा वर' अशा नोंदी. गिऱ्हाईक परत येतं ते या वहीमुळे.

आणि पैसाही तिथेच आहे. शिवणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. जो कापतो त्याच्या नावावर दुकान चालतं. कापड बिघडलं तर भरून तो देतो, म्हणून भावही तो ठरवतो.

आता आपल्या मोहल्ल्यात बघा. शिलाई मशीन नाही असं घर शोधावं लागेल. माझ्या अम्मीने पंचवीस वर्षं फॉल-पिको आणि काज-बटण केलं. तलाक झालेल्या, नवरा वारलेल्या बाईला काय द्यायचं, हा प्रश्न आला की संस्था, नेते, नगरसेवक सगळ्यांचं उत्तर एकच: मशीन. हार घातलेल्या मशीनसोबत फोटो निघतो. 'पीएम विश्वकर्मा' योजनेतल्या १८ व्यवसायांत दर्जीकाम आहे, औजारांसाठी १५ हजार रुपये आहेत, पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं. कुणी त्याचा फायदा घेऊ नये असं मी म्हणत नाही, जरूर घ्यावा. पण मला नुसता कोटाचा मुंढा समजायला सात दिवस पुरले नाहीत. मशीनवर बसलेली बाई दुसऱ्याने कापलेलं शिवत राहते. आपण तिला मजुरीचं साधन देतो आणि त्याला 'स्वावलंबन' म्हणतो.

हे मी मास्तरांना बोलून दाखवलं. ते नाराज झाले. "बायांनी मर्दांची मापं घ्यायची काय?" मी म्हटलं, दवाखान्यात नर्स आपल्या दंडाला पट्टा बांधते तेव्हा कुणी उठून जात नाही. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही घरात ते सगळ्यांना पटलेलं नाही.

उत्तर दुसऱ्या बाजूने आलं. माझी मामेबहीण वकील आहे. कोर्टात काळा कोट घालावाच लागतो. चार वर्षं ती तयार कोट घालते, खांद्यावर सैल, बाह्या तळहातापर्यंत. वाद घालताना हात वर केला की अख्खा कोट वर येतो. मी विचारलं, शिवून का घेत नाहीस? ती म्हणाली, "माप कुणाला देऊ?" तिच्यासारख्या आणखी वकील मुली आहेत, मुलाखतीला ब्लेझर लागणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणींना पुरुष मास्तरासमोर टेपखाली उभं राहायचं नाही. म्हणजे गिऱ्हाईक आहे आणि कापायला शिकू शकणारे हातही आहेत. मध्ये फक्त आपली समजूत आहे की मशीन बाईचं आणि कात्री मर्दाची.

माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी दहा मशीन वाटायचे पैसे जमले तर पाचच वाटा. उरलेल्या पैशात एका मास्तरांना वर्षभर मानधन द्या आणि त्यांच्या टेबलाशी पाच मुली उभ्या करा. कागद, मांजरपाट आणि खराब होणारं कापड यांचा खर्चही त्यात धरा, कारण कापड खराब होणारच. माझं सव्वादोन मीटर वाया गेलं. माझा पगार आहे, मी सोसलं. तिला पहिल्या चुकीची भीती वाटली तर ती कात्री उचलणारच नाही. आणि घाई करा. मास्तर बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांचा मुलगा आखातात आहे, ती वही वाचणारं दुकानात दुसरं कुणी नाही.

म्हणजे परवापर्यंत नव्हतं. त्यांची सून आतल्या खोलीत काज करते. परवा बहीण माप द्यायला आली तेव्हा मास्तर बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि तिथून एकेक माप पुकारू लागले. टेप सुनेने लावली, वहीत मी लिहिलं. उजवा खांदा किती खाली, यावर आमचं जुळेना. मी अर्धा इंच म्हणत होतो, ती पाऊण. पडद्याआडून मास्तर म्हणाले, "ती म्हणते ते लिही." रविवारी कच्ची ट्रायल आहे.