दगडू नावाचा अर्थ

गावच्या घराची डागडुजी संपत आली आहे. आता वाद उरलाय तो फक्त दारावरच्या पाटीचा. घर आजोबांनी बांधलेलं, तेव्हा पाटीवर नाव त्यांचंच हवं, यावर सगळ्यांचं एकमत. पण आजोबांचं नाव दगडू! चुलतभाऊ म्हणाला, "अरे, एवढा खर्च करून दारावर दगडू लिहायचं? नुसतं 'डी. एन.' टाकू. नाहीतर दत्तात्रय करू, आद्याक्षर तेच राहतं."

हसू नका, मंडळी. मीही काही कमी नाही. कॉलेजात असताना वडिलांचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली की मी मधे नुसतं 'द.' लिहायचो. कुणी विचारलंच तर खुशाल 'दिनकर' सांगायचो. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. कारण मधल्या काळात आत्याने मला त्या नावाची गोष्ट सांगितली.

पणजीची पहिली तिन्ही मुलं वर्षाच्या आत गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा तिने बारसंच करू दिलं नाही. बाळाला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने ते उचललं आणि पणजीने पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून ते परत 'विकत' घेतलं. नाव ठेवलं दगडू. म्हणजे हे माझं मूल नाहीच, वाटेवरचा दगड आहे, याच्याकडे बघू नका, असं तिला वर कुणालातरी सांगायचं होतं. हा दगड पुढे ८१ वर्षं टिकला आणि आम्ही सगळे त्याच्यामुळे आहोत!

आपल्याकडे अशी नावं ढिगाने सापडतात. धोंडू, केरबा, उकिर्डा, भिकाजी. (काही धोंडू धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणूनही असतात, ते वेगळं.) महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव घेताना आपल्याला हसू येत नाही. १८५८ ते १९६२, तब्बल १०४ वर्षं जगले, भारतरत्न झाले. तिथे 'धोंडो' कुणाला खटकत नाही. मग आपल्याच आजोबांचा दगडू का खटकावा?

आणि हा काही फक्त आपला अडाणीपणा नव्हे बरं का! बंगालात तिनकोडी, पाचकोडी अशी नावं आहेत. तीन कवड्यांना, पाच कवड्यांना घेतलेला. आमच्या पणजीचा कोंडा आणि त्या कवड्या, व्यवहार तोच. मंगोलियात नेरग्वी हे माणसाचं नाव आहे आणि त्याचा अर्थ 'नाव नाही'. दुसरं एक नाव एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. पूर्व युरोपातले ज्यू लोक आजारी किंवा नाजूक बाळाला आल्टर म्हणत, म्हणजे 'म्हातारा'. बाळाला न्यायला आलेला यमदूत गोंधळून परत जावा म्हणून. चीनमध्ये खेड्यातलं घरगुती नाव गौशेंग, कुत्र्याने खाऊन उरलेलं. नायजेरियातल्या योरुबांकडे कोकुमो, 'आता हा पुन्हा मरणार नाही'. तुर्कस्तानात दुर्सुन, 'राहू दे'. या आयांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या सगळ्या एकच गोष्ट बोलत होत्या.

आता भावाचा दत्तात्रय घ्या. सुंदर नाव आहे, वादच नाही. 'दत्त' म्हणजे दिलेला. देवदत्त, ग्रीक थिओडोर, हिब्रू नाथानिएल, रशियन बोगदान, फारसी खुदाबक्ष, सगळ्यांचा अर्थ 'देवाने दिलेला'. (बोगदानमधला 'बोग' आणि आपल्या भगवानमधला 'भग' एकाच कुळातले!) पण ही नावं म्हणजे देवाला दिलेली पोचपावती. 'मिळालं, आभारी आहे'. दगडू हे नाव पोच द्यायचीच भीती वाटणाऱ्या बाईने ठेवलेलं आहे. बारशाच्या पुस्तकात नावापुढे अर्थ छापतात, तिथे फार तर 'पाषाण' असं छापतील. पण मला विचाराल तर दगडूचा खरा अर्थ 'जगू दे रे याला' असा आहे. शब्दकोशात तो मिळणार नाही.

इथपर्यंत लिहून खरं तर मी खूश होतो. पण आत्याच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला नाही तर लबाडी होईल.

आजोबांच्या पाठीवर पणजीला चार मुली झाल्या. चौथीचं नाव नकुशी. नको होती म्हणून नकुशी. आता हेही वाईट अर्थाचंच नाव, पण दगडूच्या शेजारी बसवता येत नाही. एक खोटं बोलून मूल वाचवायला ठेवलेलं, दुसरं अगदी खरं बोलणारं. याही नावाला जगभर बहिणी आहेत. बंगालात आन्नाकाली, 'आता नको गं काली'. तुर्कस्तानात येतेर, म्हणजे 'पुरे'. चीनमध्ये झाओदी, 'भावाला बोलावून आण'. आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशा, नकुशी अशी नावं असलेल्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. उत्तमच झालं.

आणि गंमत (गंमत कसली!) म्हणजे ही दोन नावं तितकी लांबचीही नाहीत. नथू हे नाव आठवा. मुलगे जगत नसले की मुलाचं नाक टोचून नथ घालायचे, मुलगी आहे असं भासवायला. म्हणजे मृत्यूला ज्या वस्तू नकोशा वाटतील असं समजत होते त्यात दगड, केर, उकिरडा आणि मुलगी! ज्या पणजीने मुलाला दगड म्हणून वाचवलं, तिनेच मुलीला नकुशी म्हटलं. दोन्ही नावं एकाच समजुतीतून आली.

तेव्हा माझं मत सांगून टाकतो. जुनी नावं बदलूच नयेत असं मी म्हणत नाही. नाव कुणासाठी ठेवलं होतं ते बघावं. दगडू हे नाव आजोबांसाठी ठेवलेलं होतं, त्यांना जगवण्यासाठी. ते पाटीवर पूर्ण अक्षरात यावं. नकुशी हे नाव त्या मुलीसाठी ठेवलेलंच नव्हतं, ते पुढे होणाऱ्या मुलासाठी होतं. ते पुसायला हवं.

तिचं लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेलं नाव सरस्वती. आत्या म्हणते, माहेरी आली तरी 'मला सरस्वतीच म्हणा' असा तिचा हट्ट असे आणि कुणी ऐकत नसे. घराचा पाया खणताना डोक्यावर माती वाहायला ती महिनाभर येऊन राहिली होती, हेही आत्याच सांगते.

चुलतभावाला फोन केला. पाटीवर दोन ओळी लिहू म्हटलं, वर दगडू, खाली सरस्वती. तो "बघू" म्हणालाय. नातेवाईक मंडळी, तुम्ही हे वाचत असालच. पाटी करायला टाकायच्या आत त्याला एकेक फोन करा.