देवाच्या वतीने बोलणारे

‘देवाचा यामागे काहीतरी हेतू असेल.’ हे वाक्य वर्षभर छळत राहिले. सप्टेंबर २०२५च्या पुरात मराठवाड्यात शेती खरडून गेली, उभे सोयाबीन मातीसकट वाहून गेले, तेव्हा मदत घेऊन गेलेली भली माणसेही हेच बोलत होती. मला त्याचा संताप येतो. ऐन सणाच्या अंकात हा वाद कशाला, असे आपला वाचक म्हणणार नाही.

देवाने माणूस कशासाठी घडवला, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि जुन्यांनी तो भीडभाड न ठेवता हाताळला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेपच घेतला आहे : ज्याला काही कमी आहे त्याला हेतू असतो, ज्याला काहीच मिळवायचे नाही, त्या ईश्वराला हेतू कसला? उत्तरात हेतू दाखवलेलाच नाही. ही लीला आहे, एवढेच सांगितले आहे. शंकराचार्य श्वासाचा दाखला देतात. श्वास काही साधायचे म्हणून कोणी घेत नाही. कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर अभिमानी, पण सृष्टिकर्ता मानायला तयार नव्हते. करुणेपोटी जग निर्माण केले म्हणावे, तर कीव यावी असा जीव तेव्हा होताच कुठे? आणि करुणाच होती, तर जग निव्वळ सुखाचे का झाले नाही? सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा हा सवाल आहे. ईश्वर विषमता करतो, निर्दय आहे, हा आरोपही ब्रह्मसूत्रे टाळत नाहीत. तिथे उत्तर म्हणून जिवाचे पूर्वकर्म पुढे केले जाते. ते मला पटत नाही, कारण त्यात सोसणाराच दोषी ठरतो.

हेतूची भाषा काहींना फार महाग पडली. शूद्र दास्यासाठीच निर्माण झाला, असे मनुस्मृतीत लिहिले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या राबवले गेले. जोतीराव फुल्यांनी देव नाकारला नाही. निर्मिकाने, म्हणजे निर्मात्याने, सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र आणि समान हक्कांचे निर्माण केले, असे त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त मांडले. ते पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ साली निघाले. निर्मात्याच्या मनातले सांगणारा हा एकच दावा मला जवळचा वाटतो, कारण त्याने कोणाच्या मानेवर जू चढत नाही.

या अंकाचा विषय ‘माती’ आहे; तो पुराआधीच ठरला होता.

देव आहे की नाही, यावर भरपूर भांडा. या पानांवर त्याला जागा आहे. मात्र ज्याचे शिवार वाहून गेले, त्याच्यापुढे देवाच्या वतीने बोलू नका. पंचनामा झाला का, वावरात पुन्हा माती कुठून आणणार, रब्बीच्या बियाण्याची काय सोय, हे त्याला विचारा.